खलाशाच्या कमरेची सुरी: आजच्या जहाजावर नक्की लागते कशाला?

नवखा_दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. लवकरच डेक ट्रेनी म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढणार आहे. बॅग भरताना एक पेच पडलाय. ओळखीतले एक जुने बोसन (डेकवरच्या खलाशांचे मुकादम) म्हणाले, "बाकी काहीही विसर, कमरेला सुरी हवीच." कंपनीकडून आलेल्या यादीत मात्र स्पष्ट लिहिलंय की खाजगी चाकू-सुऱ्या आणायच्या नाहीत.

दोन प्रश्न आहेत. सगळं काम विंच (दोर ओढायचं यंत्र) आणि क्रेनवर चालत असताना सुरीचं काम उरलंय तरी किती? आणि जुन्या खलाशांच्या सुऱ्यांची चित्रं पाहिली तर बऱ्याच सुऱ्यांना टोकच नाही, पुढून छाटल्यासारख्या दिसतात. टोक नसलेली सुरी मुद्दाम कोण कशाला बनवेल?

फुकट_सल्ला

रुमाल टाकून ठेवतो. चाचे सुरी दातात धरून दोरावर चढायचे तेव्हा लाळ गळायची का, हेही कोणीतरी सांगा.

जुना_सारंग

तुझ्या बोसननी बरोबरच सांगितलं, आणि कंपनीनेही अगदीच चूक लिहिलेलं नाही. आधी टोकाचं बघू.

खलाशाची सुरी ही दोराची सुरी. जाड दोर आपण करवतीसारखा घासत बसत नाही. तो लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायचा, पातं वर आडवं टेकवायचं आणि पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीचा ठोका द्यायचा. धार सरळ असेल तर ती दोराच्या सगळ्या रुंदीवर एकदम बसते आणि काप स्वच्छ येतो. पोट सुटलेलं गोल पातं असलं तर मधले धागे तुटतात आणि कडेचे लोंबत राहतात. म्हणून धार सरळ, पाठ ठोका खाण्याइतकी जाड, आणि पुढे पाठच खाली वळून धारेला मिळालेली. मेंढीच्या खुरासारखा आकार दिसतो, म्हणून त्याला शीपफूट म्हणतात. टोक काढून टाकलेलं नाही, दोराच्या कामात त्याला जागाच नव्हती.

दुसरं म्हणजे जहाज हलतं. तू सुरी काढलीस आणि नेमका त्याच वेळी जहाजाने कूस बदलली, तर अणकुचीदार टोक तुझ्या मांडीत, शेजाऱ्याच्या बरगडीत किंवा शिडात जाणार. शिडाला पडलेलं लहानसं भोकसुद्धा वाऱ्याने टरकन फाटत जातं.

आता काम किती उरलंय ते. माझ्या शेवटच्या जहाजावर दिवसातून वीसेक वेळा तरी सुरी म्यानातून बाहेर यायची. दोराच्या टोकाला सुतळीचे वेढे घालून झाले की उरलेली सुतळी कापायची, स्प्लाइस (दोराचे पीळ एकमेकांत ओवून केलेला जोड) झाली की बाहेर डोकावणारे धागे छाटायचे, सामान बांधलेलं कुजलेलं लॅशिंग काढायचं, मुरिंगचा म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा दोर घासू नये म्हणून त्यावर बांधायच्या कॅनव्हासच्या पट्ट्या कापायच्या, हीव्हिंग लाइनचं (धक्क्यावर फेकायच्या बारीक दोराचं) उसवलेलं टोक नीट करायचं, स्टोअर आलं की त्यावरचं प्लॅस्टिक फाडायचं. यातलं एकही काम विंच करत नाही.

नवखा_दर्यावर्दी

धन्यवाद काका! कमरेला लावायची ती कुठल्या बाजूला? उजवा हात आहे म्हणून उजवीकडे?

जुना_सारंग

पाठीमागे. शिडाच्या जहाजावर परबाणावर (शीड बांधायच्या आडव्या काठीवर) पोट टेकून, खाली वाकून शीड गुंडाळायचं असायचं. सुरी पुढे किंवा कुशीत असली तर ती पोटात रुतायची, नाहीतर दोरात अडकायची. मागे असली की वाट मोकळी राहते आणि दोन्हीपैकी कुठल्याही हाताने काढता येते. हे दोन्ही हातांचं विसरू नकोस. एका हाताने तू कशाला तरी धरलेलं असणार, आणि तो हात नेहमी डावाच असेल असं नाही. मात्र अगदी मणक्यावर लावू नकोस, पाठीवर आपटलास तर म्यान कण्यात बसेल. जरा बाजूला सरकव.

वर चढून काम करताना सुरीला दोरी हवीच. एकदा क्रेनच्या जिबवर (लांब हातावर) काम करताना माझी सुरी ओल्या हातमोज्यातून निसटली. दोरी लावायचा त्या दिवशी कंटाळा केला होता. खाली एक एबी (अनुभवी खलाशी) उभा होता, सुरी त्याच्यापासून दोन पावलांवर डेकवर आपटून उडाली. तो काहीच बोलला नाही. नुसतं वर बघितलं. ती नजर अजून आठवते.

चौथा_पहारा

सध्या चीफ ऑफिसर म्हणून काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. सारंगकाकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण दोन गोष्टी जोडायलाच हव्यात.

एक, दोरी. उंचावर ती हवीच, पण फिरत्या विंच ड्रमजवळ तीच लांब दोरी घातक ठरते. ड्रमने टोक पकडलं तर सुरीही ओढली जाते आणि माणूसही. मुरिंग स्टेशनवर सैल लोंबणारी कुठलीच गोष्ट अंगावर नको. झटका बसताच सुटणारा जोड असलेली दोरी मिळते, ती घ्या, किंवा विंचजवळ दोरी काढून ठेवा.

दुसरी जास्त महत्त्वाची. ताणलेल्या मुरिंग दोराला सुरी लावायची नाही. ताण असलेल्या दोरात प्रचंड ऊर्जा साठलेली असते. नायलॉनचा दोर तर तुटण्याआधी रबरासारखा लांबतो. अशा दोराचे थोडे धागे कापले की उरलेले आपोआप तुटतात आणि दोन्ही टोकं चाबकासारखी मागे येतात. त्या फटक्याने माणसं मेली आहेत. सरळ रेषेत उभं नसलं की झालं, असंही नाही. रोलर किंवा बिट्सवरून (दोर गुंडाळायच्या खुंटांवरून) वळलेला दोर कोपऱ्याच्या पलीकडेही फिरतो. आधी विंचवर ढील द्या, ताण गेल्यावर कापा.

कंपनीच्या बंदीचं म्हणाल तर ती हवेतून आलेली नाही. हातापायांच्या जखमा हे एक कारण आणि भांडणं हे दुसरं. अमेरिकेच्या कायद्यात आजही असं कलम आहे की व्यापारी जहाजावरच्या खलाशाने कॅप्टनच्या संमतीशिवाय म्यानातली सुरी बाळगू नये, आणि ही गोष्ट कॅप्टनने त्याला कामावर घेण्याआधी सांगायची असते. न सांगणाऱ्या कॅप्टनला दंड आहे, मूळ कलमात ५० डॉलर.

कागदी_होडी

चौथा_पहारा यांचा शेवटचा परिच्छेद फार रोचक! टोकाबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो की खलाशी जहाजावर चढला की अधिकारी त्याच्या सुरीचं टोक मोडून टाकत, भोसकाभोसकी नको म्हणून. काही जहाजांवर तसं होतही असेल. पण सगळ्या बिनटोकाच्या सुऱ्यांचं श्रेय या एका किश्श्याला देणं मला पटत नाही. मोडलेलं टोक आणि मुळातूनच सरळ घडवलेलं पातं यात फरक आहे. सारंगकाकांचा ठोकळा आणि मोगरी मला जास्त पटते.

इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. त्यात माणसांच्या वैयक्तिक वस्तू भरपूर सापडल्या. सुऱ्या आणि खंजीरांच्या लाकडी मुठी व चामड्याची म्यानं चिखलात टिकली, पात्यांचं लोखंड मात्र बहुतेक गंजून नाहीसं झालं. सुरी होती हे आपल्याला मुठीवरून कळतं. जेवण, लाकूड तासणं, दोर, सगळ्याला तीच एक.

फुकट_सल्ला

म्हणजे आपण पाचशे वर्षांनी सापडलो तर मोबाइलचं कव्हर सापडेल आणि मोबाइल नाही. चालू द्या.

शीडवेडी

मी मोठ्या जहाजांवर कधी गेले नाही, शिडाच्या नौकांवर समुद्र स्पर्धांमध्ये जाते. आमच्याकडे उलटी गंमत आहे. तुमच्याकडे सुरीवर बंदी, आमच्याकडे सुरी नसेल तर नौका तपासणीत नापास! खोल समुद्रातल्या शर्यतींच्या वर्ल्ड सेलिंगच्या (या खेळाच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत लिहिलेलं आहे की मजबूत, धारदार, म्यानात असलेली आणि पक्की बांधलेली सुरी डेकवरून किंवा कॉकपिटमधून चटकन हाताला येईल अशी हवी. ही नौकेची सुरी. त्याशिवाय बहुतेक जण लाइफजॅकेटवर स्वतःची ठेवतात.

कारण आम्ही स्वतःला पट्ट्याने नौकेला बांधून घेतो. नौका आडवी झाली आणि माणूस तिच्याखाली किंवा पाण्यात बाजूने ओढला जायला लागला, तर जो पट्टा जीव वाचवायला लावला तोच बुडवायला लागतो. हुक ताणाखाली उघडत नाही. तेव्हा एकच मार्ग असतो, आणि तो एका हाताने, अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी करायचा असतो. घडीच्या चाकूच्या खाचेत नख घालून तो उघडून बघा एकदा अशा बोटांनी.

सराव म्हणून आम्ही एकदा जुना पट्टा दोन खांबांमध्ये ताणून बांधला आणि प्रत्येकाने आपापल्या सुरीने कापला. दातेरी पातं क्षणात आरपार गेलं. माझं सुंदर, महागडं, साध्या धारेचं पातं पट्ट्यावर नुसतं घसरत राहिलं. त्या रात्रीच दगड काढून बसले.

नवखा_दर्यावर्दी

मग दातेरी घ्यावी की साधी?

गंजका_खिळा

धातूच्या धंद्यात आहे म्हणून मध्ये बोलतो. दातेरी धार सिंथेटिक धाग्यात रुतते आणि ओल्या, निसरड्या दोरावरही पकड घेते. बोथट व्हायला लागली तरी काम करत राहते. पण तिला घरच्या सपाट दगडावर धार लावता येत नाही, आणि कापाला झिपऱ्या निघतात. साधी धार स्वच्छ कापते, पाच मिनिटांत पुन्हा तयार होते, पण तिची निगा रोज राखावी लागते. नेहमीच्या डेकच्या कामाला साधी, संकटासाठी दातेरी. काही पात्यांत मुठीकडे दाते आणि पुढे साधी धार असते. मला ती तडजोड फारशी आवडत नाही, दोन्ही भाग आखूड पडतात.

दोरही बदललेत हे विसरू नका. एचएमपीई म्हणजे ज्याला डायनीमा, स्पेक्ट्रा वगैरे म्हणतात तो धागा मऊ, हलका, पाण्यावर तरंगणारा, आणि कापायला महाहट्टी. चांगल्या धारेलाही तो पुरून उरतो. पण वितळतो मात्र लवकर, १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशाला. म्हणून अशा दोरांची टोकं कार्यशाळेत तापत्या पात्याने कापतात, कापतानाच टोक वितळून बंद होतं. नायलॉनला याहून बरीच जास्त उष्णता लागते.

पोलादाबद्दल: जास्त कार्बनचं पोलाद धार छान धरतं आणि खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस होतं. 'स्टेनलेस' या शब्दावरही भाबडा विश्वास नको. मिठाच्या पाण्यात त्यालाही टाचणीएवढे खड्डे पडतात. एच-१ नावाचं एक पोलाद आहे, त्यात कार्बन नावापुरता ठेवून त्याची जागा नायट्रोजनला दिली आहे. ते गंजत नाही म्हटलं तरी चालेल, पण साधी धार थोडी लवकर जाते. आणि चामड्याचं म्यान दिसायला कितीही देखणं असलं तरी ते मीठपाणी धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत खातं. खाली पाणी निथळायला भोक असलेलं प्लॅस्टिकचं म्यान घ्या. काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा.

चौथा_पहारा

गंजका_खिळा यांच्या पोलादाला एक पुस्ती. कमरेला पोलादी सुरी लावून मॅग्नेटिक कंपासला खेटून उभं राहू नका. सुईचा कल बदलतो. एका क्याडेटने अझिमुथ (कंपास तपासायला सूर्य-ताऱ्याची दिशा) घेतला आणि कंपासची चूक भलतीच निघाली. अर्धा तास आम्ही गणित तपासत होतो. मग तो बाजूला झाला आणि चूकही बाजूला झाली.

जुना_सारंग

हाहा. आमच्या वेळी सुकाण्याला चावीचा जुडगासुद्धा खिशात ठेवू द्यायचे नाहीत.

सुरीबरोबर जोडीदार कोण ते कोणी बोललंच नाही. मार्लिनस्पाइक! पोलादाचा निमुळता सुळा. दोराचे पीळ उघडून त्यातून दुसरा पीळ ओवायला लागतो. मऊ दोराला लाकडाचा वापरायचा, त्याला फिड म्हणतात. सुरीच्या टोकाने पीळ उघडायचा मोह नवख्यांना होतो. धागे कापले जातात आणि स्प्लाइस तिथेच कमजोर होते. टोक नसण्याचा हा आणखी एक फायदा, मोहच होत नाही.

सुळ्याचा दुसरा उपयोग म्हणजे सुतळी आवळणं. सुतळीचा एक साधा फास सुळ्याभोवती टाकायचा आणि सुळा मुठीसारखा धरून ओढायचं. बोटं कापत नाहीत आणि वेढा असा घट्ट बसतो की बोलायची सोय नाही. सुळा काढला की फास विरघळून जातो. शॅकलची (दोर-साखळी जोडायच्या कडीची) जाम झालेली पिनही त्याच सुळ्याने फिरते.

स्प्लाइसचं विचारशील म्हणून सांगतो: तीन पिळी दोरात काथ्या-मनिलासारख्या नैसर्गिक धाग्याला निदान तीन पूर्ण फेरे, सिंथेटिकला पाच. सिंथेटिक गुळगुळीत असतो, सुटून येतो.

खोल_पाणी

मासेमारीच्या बोटीवर काही वर्षं काढली, सापळे टाकायचं काम. तिथे सुरी कमरेवर तर असतेच, शिवाय बोटीवर दोन-तीन ठिकाणी म्यानं ठोकून ठेवलेली असतात. सापळ्यांची माळ पाण्यात जाताना दोर डेकवरून सरसरत जातो. पाय त्याच्या वेटोळ्यात पडला तर सापळ्यांचं वजन माणसाला सरळ खाली नेतं. ओरडून पुढच्या माणसाला कळेपर्यंत तुम्ही कठड्यावर असता. तेव्हा जी सुरी हाताला लागेल ती.

व्हेलच्या शिकारीच्या जुन्या होड्यांतही हेच होतं. भाला लागलेला व्हेल दोर ओढत सुटायचा, म्हणून होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) कुऱ्हाड आणि सुरी कायम तयार असायची. दोर अडकला तर कापा, नाहीतर होडी पाण्याखाली.

कागदी_होडी

यावरून आठवलं. १५८८ मध्ये फ्रान्सच्या कॅले बंदरासमोर नांगरलेल्या स्पॅनिश आरमारावर इंग्रजांनी रात्री पेटती जहाजं सोडली. नांगर उचलायला वेळ नव्हता, म्हणून अनेक स्पॅनिश जहाजांनी नांगराचे दोर सरळ कापले आणि निसटली. आग चुकली, पण नांगर तळाशीच राहिले, आणि पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळात त्या नांगरांची उणीव भोवली. अर्थात मांडीएवढे जाड दोर कमरेच्या सुरीचं काम नव्हे, तिथे कुऱ्हाडच.

सुरीची खास जागा शिडाशी. घाईने निघायचं असेल तर शिडं गुंडाळून बारीक दोऱ्याने हलकेच बांधून ठेवत. हुकूम झाला की वरच्या माणसांनी ते दोरे कापायचे आणि सगळी शिडं एकदम खाली.

अवांतर: वारा पडला की डोलकाठीत सुरी खुपसली तर वारा येतो, अशीही खलाशांची समजूत होती. बिनटोकाच्या सुरीवाल्यांनी काय करावं कोण जाणे.

चौथा_पहारा

मूळ प्रश्नाकडे येतो. समजा तुम्हाला कमरेला सुरी मिळाली नाही, तरी जहाजावर एक सुरी अशी आहे की जी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी समजून घ्यायचं. लाइफराफ्टची, म्हणजे फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याची.

राफ्टला पेंटर नावाचा दोर असतो. त्याचं टोक जहाजाला बांधलेलं, राफ्ट पाण्यात टाकायचा, दोर ओढत राहायचा, झटक्याने गॅस सुटून राफ्ट फुगतो. सगळे आत आले की हा दोर कापावाच लागतो, नाहीतर बुडत्या जहाजाला तुम्ही बांधलेले. एलएसए कोडप्रमाणे (जीवरक्षक साधनांचे आंतरराष्ट्रीय नियम) ही सुरी घडीची चालत नाही, तिची मूठ तरंगणारी हवी, तिला दोरी हवी, आणि ती छताच्या बाहेरच्या खिशात, पेंटर जिथे जोडलाय त्याच्या जवळ ठेवलेली असते. १३ किंवा जास्त माणसांच्या राफ्टमध्ये दुसरी सुरी असते, ती घडीची चालते. या राफ्टच्या सुऱ्या बोथट टोकाच्या का असतात ते सांगायला नको, बसलाय कशावर ते बघा. लाइफबोटीत एक दोरीने बांधलेला घडीचा चाकू आणि दोन्ही टोकांना एकेक कुऱ्हाड.

आणि माणूस पोचलाच नाही तर? हायड्रोस्टॅटिक रिलीज. जहाज बुडालं की साधारण दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने तो सुटतो आणि राफ्टला मोकळं करतो. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या प्रकारात त्या डबीच्या आत स्प्रिंगवर ताणलेलं एक छोटं पातं असतं, ते दोरी कापतं.

जुना_सारंग

बघा, सुरीवर बंदी घालणाऱ्यांनीच प्रत्येक राफ्टला सुरी बांधली.

चौथा_पहारा

काका, बंदी आहे ती बेहिशेबी सुरीवर. डेक स्टोअरमधून नोंद करून दिलेल्या सुरीला कोणाची ना आहे?

जुना_सारंग

मान्य. पण स्टोअरच्या सुरीला धार कोण लावतो? सगळ्यांची ती कोणाचीच नाही. एका जहाजावर मला स्टोअरमधून अशी सुरी मिळाली होती की तिने लोणी कापलं असतं तर लोण्याला गुदगुल्या झाल्या असत्या. आणि बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त कापते, माणसाला. जोर लावावा लागतो, मग घसरते.

शीडवेडी

काकांना +१. धारदार सुरी हलक्या हाताने चालते. आणि कापताना अंगापासून दूर, दोर धरलेला हात पात्याच्या मागे.

नवखा_दर्यावर्दी

मंडळी, इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या सल्ल्याने ज्या जहाजावर जातोय तिथल्या चीफ ऑफिसरना कंपनीमार्फत विचारलं. उत्तर आलं: स्वतःची आणू नकोस, डेक स्टोअरमधून बोथट टोकाची, म्यानासकट सुरी तुझ्या नावावर मिळेल, साइन-ऑफला (जहाज सोडताना) परत करायची. एक छोटा धार लावायचा दगड आणायला मात्र हरकत नाही असंही लिहिलंय!

दोरी तिथे मिळते की नाही ते लिहिलेलं नाही.

जुना_सारंग

दोरी स्वतः विण, जाण्याआधी वेळ आहे तर हातही बसेल. माप असं घे: सुरी हातात धरून हात डोक्यावर पूर्ण ताण, कमरेच्या पट्ट्यापासून तिथपर्यंत पोचली पाहिजे. आखूड केलीस तर वरचा दोर कापायची वेळ येईल तेव्हाच कळेल.

चौथा_पहारा

आणि पट्ट्याच्या बाजूला झटक्याने सुटणारा जोड. विंचजवळ जाताना काढून खिशात.